बडोद्यात तुझं काय काम?

एका रविवारच्या पुरवणीत छापून आलं होतं की अनोळखी शहरात गेल्यावर माणसानं पत्ता विचारू नये. पाय नेतील तिकडं जावं, गल्लीबोळात हरवावं आणि शहर हळूहळू अंगात मुरू द्यावं. मुरू द्यावं! जसं काय शहर म्हंजे लोणच्याचा खार आणि हे साहेब म्हंजे कैरीची फोड. साहेबांचं पॅरिस झालं होतं, प्राग झालं होतं, इस्तंबूलात एका म्हाताऱ्यानं त्यांना घरात बोलावून फुकट चहा पाजला होता. शेवटी त्यांनी ठोकून दिलंय की शहर सगळ्यांचं असतं, आपलं मन तेवढं उघडं पाहिजे.

हा कागद माझ्यापर्यंत पोचला तो चपाती-भाजी गुंडाळून. गोदीत, दुपारच्या सुट्टीत, स्टीलच्या कॉइलींच्या सावलीला बसून मी तो वाचला. प्रागवर बटाट्याच्या भाजीचं तेल उतरलं होतं. शेजारी टोळीतला एक जण पाय पसरून झोपला होता. त्याला हलवून विचारलं, "तू कधी कुठल्या शहरात उगाच फिरलायस का रे? काम नसताना?" तो म्हणाला, "काम नसताना मी घरात बी फिरत न्हाई. बायको इचारती, काम काय?" आणि कूस बदलून परत झोपला.

दोस्तहो, तो झोपेत बोलला ते त्या सगळ्या पुरवणीपेक्षा खरं होतं. या देशात आपल्या माणसाच्या चालण्याला कायम कारण लागत आलंय. पाय आपले, कारण दुसऱ्याचं. येसकराची पाळी म्हणून चाल, मेलेलं ढोर ओढायला चाल, मयताचा सांगावा घेऊन दहा कोस चाल. पण नुसतं चाल, वारा खात चाल, दुकानाच्या पाट्या वाचत चाल – हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. पेशव्यांच्या पुण्यात आपल्या बापजाद्यांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलंय. आपलीच पावलं आपणच पुसत जायची, थुंकी आपल्याच मडक्यात. पुरवणीवाले साहेब म्हणतात शहर अंगात मुरू द्या. तिथं उलटीच भीती होती. हाच कुठं शहरात मुरला तर?

म्हणून आपल्यातला पहिला भटक्या कोण, असं मला कुणी विचारलं तर मी त्रावणकोरच्या अय्यंकाळीचं नाव घेईन. १८९३ साली तो बैलगाडीत बसला आणि ज्या रस्त्यावर आपल्या माणसाला बंदी होती त्या रस्त्यावरून गाडी हाकत गेला. कुठं चालला होता? बाजाराला? सोयऱ्याकडं? ते महत्त्वाचं नव्हतं. रस्त्यावरून जायचं होतं, एवढंच त्याचं काम होतं. चौतीस वर्षांनी महाडला हजारो माणसं तळ्याकडं चालत गेली. ओंजळभर पाण्याचं आपण खूप बोलतो. पण त्या पाण्याच्या आधी गावातून तळ्यापर्यंतचा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावरून ताठ मानेनं चालणं हाच निम्मा गुन्हा होता.

आणि कायदा बघा. इंग्रजानं १८७१ साली कायदा काढून फिरत्या जमातींना पाळण्यातच गुन्हेगार ठरवलं. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. मग १९५९ साली तेव्हाच्या मुंबई राज्यानं भीक प्रतिबंधक कायदा केला. त्यात भिकारी कोण? हात पसरणारा तर आहेच. पण ज्याच्यापाशी पोटापाण्याचं उघड साधन दिसत नाही आणि जो चारचौघांच्या जागी अशा अवस्थेत भटकतोय की हा भीक मागूनच जगत असणार असं बघणाऱ्याला वाटावं, तोसुद्धा! वाटावं कुणाला? खाकीतल्या माणसाला. दिल्ली हायकोर्टानं २०१८ साली त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती मोडीत काढली, तोवर कितीतरी फाटके सदरे आत जाऊन आले. म्हंजे भटकणं तेच. साहेबांचं भटकणं पुरवणीत येतं, त्याचं मानधन मिळतं. पारध्याच्या पोराचं भटकणं ठाण्याच्या वहीत येतं.

माझा आजा गोदीत पक्का होता. पाठीवर गोणी वाहून त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा चार बोटं खाली आला होता. शेवटच्या दिवसांत मी त्याला विचारलं, "आजा, मुंबई कशी आहे?" तो म्हणाला, "यलो गेटापास्नं घरापोतर चांगली हाय. म्होरली म्हाईत न्हाई." उभा जन्म या शहरात काढलेला माणूस! त्यानं मुंबई वाहिली, पाहिली नाही. गोदीत परदेशी बोट लागली की खलाशाला किनाऱ्यावर उतरायचा पास मिळतो. तो चार तास मुंबईत मोकाट फिरतो, गेटवेपाशी फोटो काढतो, परत बोटीवर जातो. आज्याला असा पास कुणी दिला नाही, आणि आपल्याला तो मागता येतो हेही कुणी सांगितलं नाही.

तर मी ठरवलं की आपण जायचं. अनोळखी शहरात, काम नसताना. बोट नव्हतीच. कंत्राटी माणसाला बोट नसली की सुट्टी, फक्त त्या सुट्टीला पगार नसतो. आई म्हणाली, "पोरगी बघायला चाललास का? सरळ सांग की." मुकादम म्हणाला, "बडोद्यात तुझं काय काम?" चळवळीतला एक जण म्हणाला, "तेवीस सप्टेंबरला चल ना, सगळे आहोत, गाडी आहे, बॅनर आहे." मी म्हटलं, नको. मला बिनबॅनरचं जायचंय. रात्रीच्या गाडीच्या जनरल डब्यात, संडासाच्या दाराशी, एका पायावर उभा राहून मी बडोद्याला पोचलो.

बडोदाच का? ते पुढं येईल. आधी मला कबूल करू द्या की मला मजा आली. खोटं कशाला बोलू? स्टेशनाबाहेर पडलो आणि पहिल्या पाटीपाशीच थबकलो. गुजराती अक्षरांना डोक्यावरची रेघ नसते. आपली अक्षरं सगळी एका दांडीला बांधलेली, मुक्यानं ओझं वाहणाऱ्या टोळीसारखी. इथली अक्षरं डोकं मोकळं ठेवून उभी. अर्धी वाचता येत होती, अर्धी येत नव्हती, आणि न येण्याचं दुःख नव्हतं. युनिव्हर्सिटीचा तो थोरला घुमट बघत बघत चाललो. एका गाड्यावर सेव-उसळ खाल्ली. उसळ आपल्याच घरची, पण सासरी येऊन गुजराती झालेली. वरून शेवेचा डोंगर, कांदा, लिंबू, आणि तिखट असं की कानातून वाफ. गाडीवाल्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "और डालूं?" एवढंच विचारलं.

विश्वामित्री नदीच्या पुलावर एक तास गेला. नदी कसली, नाल्यासारखी दिसते. पण तिच्यात मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या, भर शहराच्या मधोमध. २०२४ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा त्या रस्त्यावर, लोकांच्या अंगणात आल्या होत्या आणि माणसं त्यांना धरून परत पाण्यात सोडत होती. मला काही मगर दिसली नाही. शेजारी उभा असलेला एक पोरगा पाण्यातल्या प्रत्येक लाकडाला मगर म्हणत होता, आणि मीही तासभर लाकडांनाच मगर म्हणालो. कुणी म्हणालं नाही, चल, पुढं हो.

मग रावपुरा, मग सूरसागर, त्या तळ्याच्या मधोमध उभा केलेला तो अगडबंब शंकर. मग लहेरीपुरा दरवाज्यातून आत मांडवी. चारी बाजूंनी कमानी आणि चार दिशांना चार रस्ते, चार दरवाज्यांकडं गेलेले. तिथं उभं राहिलं की कुठल्या रस्त्यानं जायचं हे खरोखरच आपल्यावर असतं. मी नाणं उडवलं. आयुष्यात पहिल्यांदा रस्ता नाण्यानं ठरवला, मुकादमानं नाही. दांडिया बाजाराकडं मराठी कानावर आली. क्रियापद मराठी, बाकी सगळं गुजराती, पण हेल जुन्या घरंदाज वाड्यातला. गायकवाडी गेली, हेल राहिलाय.

अनोळखी शहराची पहिली चैन ही की तुमची आळी कुणाला माहीत नसते. खेड्यात माणूस जन्मायच्या आधी त्याचा रस्ता, त्याची विहीर, त्याचं मसण ठरलेलं असतं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याच्या गौरवाची जी लक्तरं काढली ती उगाच नाहीत. शहरात गर्दी असते आणि गर्दीला सगळ्यांची आडनावं पाठ करायला वेळ नसतो. त्या दिवशी दुपारपर्यंत मी नुसता एक इसम होतो. निळा शर्ट, जुन्या चपला, दाढी वाढलेला एक इसम. गड्यांनो, नुसता इसम असण्यात काय नशा आहे ती मी सांगू शकत नाही! पुरवणीवाल्या साहेबाला ती कळणार नाही, कारण तो जन्मापासून नुसता इसमच आहे.

चारच्या सुमाराला मी काळ्या घोड्यापाशी आलो. हो, बडोद्यालाही काळा घोडा आहे. आपल्या मुंबईच्या काळ्या घोड्यावर इंग्रजांचा एडवर्ड राजा बसलेला होता. त्याला १९६५ साली हलवून राणीच्या बागेत धाडलं, आणि आता त्या चौकात बिनस्वाराचा नवा घोडा उभा आहे. बडोद्याच्या घोड्यावरचा स्वार मात्र जागेवर आहे – महाराज सयाजीराव. आणि त्यांच्या पाठीमागं सयाजीबाग, जुनं नाव कमाठी बाग.

थांबा. दोन पोरांची गोष्ट सांगतो. पहिला पोरगा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा, शेतकऱ्याचा, १८६३ चा जन्म. बारा वर्षांचा असताना, १८७५ साली, त्याला बडोद्याला आणलं. अनोळखी शहर, अनोळखी भाषा. पण गायकवाडांचं रक्त होतं, दत्तक गेला आणि गादीवर बसला. शहरानं त्याला वाडा दिला, हत्ती दिले. दुसरा पोरगा सुभेदाराचा, अंबावड्याचा. १९१७ साली, सव्वीस वर्षांचा असताना, तो त्याच शहरात आला. कोलंबियाची एम.ए. घेऊन, लंडनला शिकून, त्याच पहिल्या पोराच्या शिष्यवृत्तीचा करार पाळायला. शहरानं त्याला काठ्या दाखवल्या.

सयाजीरावांना मी शिव्या देणार नाही. १९०६ साली ज्यानं अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, ज्यानं भीमरावाला अमेरिकेला धाडलं, त्याला शिव्या देणारा मी कोण? माझं म्हणणं वेगळं आहे. राजाचा हुकूम न्यूयॉर्कपर्यंत चालला आणि स्वतःच्या कचेरीतल्या शिपायापर्यंत चालला नाही. शिपाई कागद लांबून टाकत. राजा देऊ शकतो ती नोकरी. खोली द्यायची की नाही ते गल्ली ठरवते, आणि गल्लीवर दुसऱ्याच कुणाचं राज्य असतं. ते राज्य अजून खालसा झालेलं नाही.

बाबासाहेबांनी हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा लिखाणात सांगितलंय. ते छापून आलं त्यांच्या मागं, १९९० साली. आपल्या पोरांनी जयंतीचा डीजे जरा बाजूला ठेवून ते वाचावं, पानं थोडीच आहेत. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत हे त्यांच्या मनातून पार पुसून गेलं होतं. ते परत आठवलं बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर – आता जायचं कुठं? ठेवून घेणार कोण? हिंदू खाणावळी होत्या, तिथं जात लपवून जायचं नव्हतं, नि सांगून जाता येत नव्हतं. शेवटी पारशी लोकांच्या सराईत, वहीत पारशी नाव लिहून, रोज दीड रुपया भरून, मोडक्या सामानानं भरलेल्या एका अंधाऱ्या माळ्यावर ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना जिन्यावर पावलं वाजली. डझनभर माणसं, हातात काठ्या. संध्याकाळच्या आत चालता हो. त्यांनी आठ दिवस मागितले, मिळाले नाहीत. एका हिंदू मित्राकडं गेले. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. एका ख्रिस्ती मित्राकडं गेले; तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. मुंबईची गाडी रात्री नऊला. वाजले होते चार.

चार ते नऊ. पाच तास. एवढ्या मोठ्या शहरात, ज्याच्या राजानं बोलावलं होतं त्या शहरात, बसायला जागा कुठली? बाग. आठ वाजेपर्यंत ते कमाठी बागेत बसले, मग गाडी करून सराईवर जाऊन सामान खाली आणलं आणि स्टेशन गाठलं. बागेत फुलं कोणती होती, कारंजं होतं का, हवा कशी होती, यातलं काही त्यांनी लिहिलेलं नाही. न्यूयॉर्क-लंडनात पुस्तकांसाठी दुकानं पालथी घालणारा माणूस! त्याच्या डोळ्यांना बडोदं दिसलंच नाही. कसं दिसणार? शहर अंगात मुरायला आधी अंग टेकायला जागा लागते.

म्हणून मी बडोद्याला गेलो होतो. मला ते पाच तास त्या बागेत बसायचं होतं, चार ते नऊ, काहीही न करता.

आता आपल्याच लोकांशी भांडतो. बागेतल्या वडाची जागा आपण संकल्पभूमी मानतो, दर तेवीस सप्टेंबरला तिथं माणसांचा पूर येतो. यावा, माझी ना नाही. ज्यांना सगळ्या शहरांनी हाकललं त्यांना एका शहरात पाच फूट जागा आपली म्हणता येते, ही लहान गोष्ट नाही. पण आपण तिथं काय करतो? भाषण, हार, सेल्फी, वडापाव, परत गाडी. जागेवर डोकं टेकतो आणि निघतो. शहरात कुणी जात नाही. बसमधून उतरायचं, घोषणा द्यायच्या, बसमध्ये चढायचं. म्हंजे परत कामासाठीच आलो! परत कारण लागलंच! आणि दुसरं. बाबासाहेबांनी स्वतः त्या संध्याकाळचं जे लिहिलंय त्यात संकल्प हा शब्द नाही. त्यात आईबापाची आठवण आहे, पोरक्या लेकरासारखी. त्यात असं आहे की अठरा वर्षं झाली तरी ते काठीवाले आठवले की डोळ्यांत पाणी येतं. आपल्याला रडणारा बाप नको असतो म्हणून आपण तिथं संकल्प बसवला. मला तो रडणाराच पाहिजे. सव्वीस वर्षांचा, बाकावर बसलेला, जायला ठिकाण नसलेला. मीही सव्वीसचा आहे. त्या माणसाशेजारी मला बसता येतं. पुतळ्याशेजारी बसता येत नाही, पुतळ्याखाली उभं राहावं लागतं.

हे मी परत आल्यावर बैठकीत बोललो तर एक जण खवळून उठला, "तू बाबासाहेबांना लहान करतोस." मी म्हटलं, मी त्यांना माझ्या वयाचं करतोय.

बसलो. पहिला तास बरा गेला. पोरं खेळत होती, एक म्हातारा भुईमुगाच्या शेंगा खात होता, त्यानं मूठभर मला दिल्या. दुसऱ्या तासाला मांडी आखडली. गोदीत आठ तास ओझं उचलणारा मी, पण नुसतं बसणं जमेना. हात काम मागायला लागले. सारखं वाटायचं की आता कुणी विचारणार. आणि विचारलंच. रखवालदार दोनदा समोरून गेला, तिसऱ्यांदा थांबला. "यहाँ क्या काम है?" शेजारच्या बाकावर कॉलेजची पोरं गिटार घेऊन दोन तास बसली होती, त्यांचं काम त्याला दिसलं असावं. मी म्हटलं, "काम नहीं है. बैठा हूँ." त्याला हे उत्तर कळेना. तो बिचारा तरी काय, माझ्यासारखाच कंत्राटी, बुटाचा तळ फाटलेला. नंतर तोच पाच मिनिटं माझ्या बाकाच्या टोकाला टेकला आणि म्हणाला की बारा तास उभं राहून पाय सुजतात.

बाग सुटली. रात्र काढायची होती, कारण सकाळी परत ती चार दरवाज्यांची गावकूस बघायची होती. जुन्या भागातल्या एका लॉजात गेलो. गल्ल्यावरचे गृहस्थ पोथी वाचतात तसं आधार कार्ड वाचत होते. माझं आडनाव मराठ्यांतही चालतं, आपल्यातही चालतं. त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा, आपलेच की! मुंबईला कुठं? मूळ गाव?" सातारकडचं, म्हटलं. "बसा बसा, चहा सांगतो. मागची खोली देतो तुम्हाला, हवेशीर आहे." चावी फळ्यावरून काढून त्यांनी गल्ल्यावर ठेवली. आणि माझा फोन वाजला. भीमगीताची रिंगटोन. ताई होती. मी सवयीनं बोललो, "जयभीम ताई, पोचलो."

चावी गल्ल्यावरच होती. त्यांनी आवाज चढवला नाही, काठी काढली नाही. चष्मा काढून पुसला आणि वही उलटीसुलटी करून म्हणाले, "अरेरे, ही खोली तर सकाळीच बुक झालीय हो. माझ्याच लक्षात नाही राहिलं." चहा आला होता. तो कुणी मला दिला नाही, कुणी परतही नेला नाही, तिथंच निवत राहिला. मी त्या चावीकडं बघत होतो. तिला पितळेचा बिल्ला होता, वर आकडा ९.

नंतर तासभर मी रस्त्यानं एकच विचार करत चाललो: फोन सायलेंटवर टाकला असता तर? खोली मिळाली असती. पंखा होता, गादी होती. बस एक बटण दाबायचं. दोस्तहो, ते बटण म्हंजे १९१७ सालचं सराईच्या वहीतलं पारशी नाव! शंभरावर वर्षं गेली, संविधान आलं, सतरावं कलम आलं, आणि सव्वीस वर्षांच्या पोरासमोरचा सवाल तोच राहिला – नाव लपवतोस की बागेत बसतोस? शहर तुम्हाला नुसता इसम म्हणून घ्यायला तयार आहे, फक्त इसमाला आवाज नसला पाहिजे. २०१५ साली शिर्डीत अशाच रिंगटोनवरून सुरू झालेल्या भांडणात आपल्या एका पोराला जीव गमवावा लागला. मला फक्त खोली गमवावी लागली, हे माझं नशीब म्हणायचं का? मी नाही म्हणणार. त्या पुरवणीवाल्या साहेबाला मी एवढंच विचारतो, की तुमचं मन उघडं होतं, मान्य. दार कुणी उघडलं? कुठल्या आडनावाला?

आणि म्हणून भटकायचं सोडायचं का? उलट! चिडून घरी बसलो तर लॉजवाला जिंकला. शहरं आपल्या घामानं उभी आहेत असं आपण भाषणात म्हणतो. मग त्या शहरांत आपल्याला फक्त मोर्चात का चालता येतं? मोर्चा पाहिजेच. पण मोर्चालाही कारण असतं, मागणी असते, परवानगीचा कागद असतो. माझी मागणी त्याच्याही पलीकडची आहे. मला विनाकारण पाहिजे. मगर बघायला पाहिजे, घुमट बघायला पाहिजे, तिसऱ्या गल्लीत चुकायला पाहिजे. आपल्या वस्त्या बघायला लोक येतातच की! धारावीत पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना गल्ल्या दाखवण्याचा धंदा आहे. ते आपल्या मोरीत डोकावतात नि त्याला अनुभव म्हणतात. मग आपण त्यांच्या बागेत नुसतं बसलो तर त्याला संशय का म्हणतात?

ती रात्र स्टेशनावर काढली. सकाळी उठून मांडवीला गेलो. परत नाणं उडवलं आणि उरलेल्या रस्त्यांपैकी एकानं गेलो. तिकडं काय बघितलं ते सांगत नाही, ते माझं आहे.

हा लेख ताईला वाचून दाखवला. ती भायखळ्याच्या एका दवाखान्यात आया आहे, रात्रपाळी करते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? तुला रखवालदारानं एकदा विचारलं. त्या बाकावर मी दोन तास बसले असते तर? मला काम काय विचारलं नसतं, रेट विचारला असता. आणि स्टेशनावर रात्र? तू झोपलास तरी." मी गप्प. मुंबईतल्या तिघी बायांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' नावाचं इंग्रजी पुस्तकच लिहिलंय, की बाईला शहरात विनाकारण रेंगाळता आलं पाहिजे. मी त्याचा दाखला दिला तर ती म्हणाली, "बरोबर लिहिलंय त्यांनी. पण त्या रेंगाळून घरी गेल्या की त्यांच्या घरची भांडी कोण घासतं ते बी लिहिलंय का बघ." मी ते पुस्तक अख्खं वाचलेलं नाही, त्यामुळं इथं माझी बोलती बंद झाली.

मग तीच म्हणाली, "मला बी जायचंय." कधी? "दिवाळीनंतर, रजा मिळाली की. एकटी जाणार. काम नाही काही." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बडोद्यात तिचं काय काम?" ताईचा पोरगा चार वर्षांचा आहे, ते दोन दिवस तो माझ्याकडं राहील. बोट लागली तर लागली, मी पाळी सोडणार आहे. बाक कुठला ते मी तिला कागदावर काढून दिलंय: काळ्या घोड्याच्या बाजूनं आत शिरायचं, डाव्या हाताला, शेंगावाल्या म्हाताऱ्याच्या पलीकडं. रिंगटोन बदलणार का, विचारलं. ती म्हणाली, आवाज वाढवणार आहे.